इसरूभाऊंच्या झोपडीतली जागा

रुखमाबाई मडावींचा आवाज चढला की गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट सोडतात. ग्रामसभेत मात्र त्या कधी बोलल्या नव्हत्या. चहा द्यायचा, कप विसळायचे आणि दाराशी उभं राहायचं, एवढंच.

सभा भरते ती इसरूभाऊंच्या झोपडीत. भाऊ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असताना उन्हाळाभर इथेच, मोहाच्या सावलीत, फायली घेऊन बसायचे. खुर्ची नावाला नव्हती. साहेब येवो की तेंदूपत्ता तोडणारी बाई, चपला बाहेर आणि बैठक सारवलेल्या भुईवर. नवऱ्याने टाकलेल्या रुखमाबाईंच्या जंगलजमिनीचा पट्टा गावातले लोक त्यांच्या सख्ख्या भावाच्या नावाने करायला निघाले होते, तेव्हा भाऊंनी त्यांना स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "कसते ती, मंग नाव त्याचं काऊन?" पट्टा त्यांच्याच नावाने झाला. तेव्हापासून ती भुई त्याच सारवतात, कुणी सांगायची गरज पडत नाही.

भाऊ वारले आणि चहाचं काम आपसूक रुखमाबाईंकडे आलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, याचाच मला राग येतो.

यंदा सभेचा अध्यक्ष धनराज याने स्मारकाची टूम काढली. भुईवर टाइल्स, भाऊंच्या बाजेभोवती दोरी, दाराला कुलूप, पाहुण्यांनी खिडकीतून बघायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाचाही नकार असला तर ठराव होत नाही, ही भाऊंनीच घालून दिलेली रीत. म्हणून धनराजने विचारलं, "कोणाचं नाई आहे का?" आणि उत्तर यायच्या आत चहासाठी हात पुढे केला.

"माह्यं आहे," रुखमाबाई म्हणाल्या.

धनराजचा हात तसाच राहिला. चहा देणारीलाही मत असतं, हे सभेच्या ध्यानातच नव्हतं.

"बाई, भाऊंचा मान आहे ना त्यात!"

"कायचा मान? भाऊनं मले जिथी बसवलं, तिथी तू कुलूप लावून राह्यला. उद्या सावली गावाकडची एखादी बाई आपली जमीन मांगाले आली, तर ते काय खिडकीतून बोलन?"

रुखमाबाईंनी किटली खाली ठेवली, आत आल्या आणि भाऊंच्या बाजेला टेकून भुईवर बसल्या. इतक्या वर्षांनी त्यांना तिथे बसलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

धनराजने मान खाली घातली. "बरं बाई, झोपडी उघडीच राहीन. ठरावात अजून काय लिहू, सांग."

"ठराव मंग लिहिजो," रुखमाबाई म्हणाल्या. "पहिले उठ आन् चहा वाट. मी आता सभेत बसली आहे."