मीटरची चुगली

सावित्रम्मा आता हे सांगताना स्वतःच तोंडाला पदर लावून हसतात, म्हणून आपणही हसायला हरकत नाही. घरावर नवं स्मार्ट मीटर बसलं, त्या दिवशी त्यांची खात्रीच पटली होती की ह्या डबड्याला कान आहेत. आत मोबाइलसारखं सिमकार्ड असतं, असं शेजारच्या बजाबाईनं सांगितलं होतं. सिम आहे म्हटल्यावर ते ऐकणार, आणि ऐकलं की वर कळवणार, हे बाईंनी आपल्या आपणच ठरवून टाकलं. मग उपाय काय? तर मीटरसमोर आल्या की त्या कानडीत बोलायला लागल्या! मीटर आलंय मुंबईच्या हापिसातनं, त्याला कानडी कुठून येणार, असा सरळ हिशोब.

पंचाईत झाली बजाबाईची. बजाबाई माळशिरसकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी सोलापुरात शेळगीत येऊन राहिलेल्या. इतकी वर्षं झाली, पण कानडी त्यांना ‘ऊट आयतेनु’ एवढीच येते, आणि तीही जेवणाचं विचारतात म्हणून ध्यानात राहिलेली.

“काय वो अक्का, माज्याम्होरं कानडी? माजंच उणंदुणं काढताय जणू.”

“सुम्निर!” सावित्रम्मांनी ओठावर बोट ठेवलं आणि डोळ्यानं मीटर दाखवलं. “ऐकतंय ते.”

“ऐकू दे की! मी काय डाका टाकून आलीया व्हय?”

शेवटी मीटर बसवणारा कुंडलिक पुढच्या घराचं काम करायला गल्लीत आला, तेव्हा दोघींनी त्याला हाताला धरून ओट्यावर बसवला. चहा पाजला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवली आणि उलटतपासणी सुरू केली.

“मावशी, ह्याला कान न्हाईत,” कुंडलिक घास गिळत म्हणाला. “वीज किती गेली आनि कदी गेली, एवढंच त्याला कळतंय. कशावर गेली, ते न्हाय कळत.”

“आनि मीटर जोरात पळतंय म्हणत्यात ते?” बजाबाई.

“घरातली समदी बटनं बंद करा, फ्रिजसुदिक. मग हा लाल ठिपका बघत बसा. लुकलुकला तर मला बोलवा.”

दोघी तिथंच फतकल मारून बसल्या. ठिपका काही लुकलुकला नाही. मीटर पास झालं, आणि सावित्रम्मा मीटरसमोर पुन्हा मराठीत भांडायला मोकळ्या झाल्या.

पण चुगली करायची ती मीटरनं केलीच. फक्त हापिसाकडं नाही, पुण्याला.

त्याचं असं झालं. सावित्रम्मांचा एकुलता एक लेक सोमशेखर, म्हणजे सोमू, पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. बिलाला नंबर त्याचाच दिलेला, कारण सावित्रम्मांचा फोन बटणांचा. नवं मीटर आलं तसं सोमूनं आपल्या मोबाइलवर त्याचं ॲप घेतलं, आणि शेळगीतल्या घरात रोज, अगदी तासातासाला, किती वीज जाते ते पुण्यात बसून बघायला लागला. हापिसात दुसरं काम नसावं. जानेवारी सरता सरता त्याचा फोन आला, तोही मुद्दाम आवाज मऊ करून.

“अव्वा, रागवू नकोस. तू गिझर बंद करायला विसरतेस.”

“कोण म्हणतंय?”

“मीटर म्हणतंय. मधे मधे एकदम वीज वाढते. ॲपवर मोठमोठ्या काड्या दिसतात. घरात तू एकटी, दुसरं काय असणार?”

“मी विसरत न्हाय.”

“विसरणाऱ्याला कळतं का विसरलेलं? आज गिझर आहे, उद्या गॅस राहील चालू. मी ठरवलंय. उन्हाळ्याच्या आत तू इकडं ये. आपल्या घराला भाडेकरू मिळतोय, चांगले लोक आहेत. मी त्यांना पुढच्या आठवड्यात शब्द देतो.”

झालं! नवरा गेल्यावर ज्या बाईनं एकटीनं घराला स्लॅब टाकून घेतला, गवंड्याला वाळू चाळायला लावली, तिचं घर एका डबड्याच्या सांगण्यावरून भाड्यानं चाललं. पुण्याला जायचं म्हणजे काय, ते सावित्रम्मा मागं एकदा महिनाभर राहून बघून आल्या होत्या. दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. ‘बजाक्का’ म्हणून हाक मारावी, तर लिफ्ट वर येते!

आणि खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हेच ती, अशी की बाईंना स्वतःचाच संशय यायला लागला. गिझरचं बटण दाबून झालं की मोठ्यानं म्हणायच्या, “बंद केला. बजाक्का, ऐकलंस न्हवं? बंद केला.” भिंतीपलीकडून बजाबाई ओरडायच्या, “ऐकलं वो!” एका सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत पोचल्या आणि दर्शन न घेताच रिक्षानं माघारी आल्या. गिझर बंदच होता. त्याच दिवशी आमटीत मीठ राहिलं, आणि बाई ताटावर बसून डोळे पुसायला लागल्या.

बजाबाईला ते बघवेना. त्यांनी ताट बाजूला सारलं. “अक्का, मीठ तर माज्या हातनं आठवड्यातनं दोनदा ऱ्हातंय. मला कोण पुण्याला न्हेत न्हाय. त्या सोमूला म्हणावं, त्या काड्या दाव तरी आमाला. माज्या फोनवर धाड म्हणावं.”

सोमूनं धाडल्या. जानेवारीच्या एकेका दिवसाची एकेक उभी काडी, आणि ज्या उंच होत्या त्यांच्याखाली साहेबांनी लाल रेघा ओढलेल्या. ओट्यावर बसून दोघी एका फोनात डोकं घालून बघायला लागल्या. बजाबाईच्या बोटाला पीठ, त्यामुळं चित्र मोठं व्हायच्या ऐवजी पांढरंच व्हायला लागलं.

“पूस की गं आधी! ही पयली उंच काडी कुठल्या तारखेची?”

“पाच.”

“पाचला...” सावित्रम्मांनी डोळे मिटले. “पाचला तुजा भाऊ आलता. श्रीपूरच्या कारखान्याला ऊस घालून थेट हितं आलता, अंगभर धूळ. आनि तू म्हणलीस, आंघोळीला थांब, आज पाणी येतंय.”

“व्हय! आनि आलं की.”

“फुडची सांग.”

“धा.”

“धाला तुजी पाण्याची मोटार जळली. तू बोंबलत आलीस, अन् मी माज्या मोटारीला पाइप लावून तुजी टाकी भरून दिली. बघ की, ही काडी कशी दुप्पट हाय!”

बजाबाईचा आ वासला. पुढची काडी, पुढचं पाणी. त्या दिवशी बायका नळापाशी भांडल्या होत्या, कोण कोणाला काय बोललं ते सुद्धा सावित्रम्मांना पाठ. पाणी ज्या दिवशी आलं, त्या दिवशी मोटार लागली. मोटार लागली, त्या दिवशी काडी वर गेली. लाल रेघा काय, नळाचंच वेळापत्रक होतं ते! सोलापुरात पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. न सांगणारा एकटाच, ह्याच गल्लीत घागरी वाहत वाढलेला आणि पुण्यात जाऊन विसरलेला.

सावित्रम्मा उठल्या, तोंड धुतलं, कपाळावर विभूती लावली आणि म्हणाल्या, “लाव फोन. आवाज मोठा ठेव.”

सोमूनं फोन उचलला. मागं सून काव्याची भांडी वाजत होती.

“सोमू, काड्या समोर घे. सांगते एकेक.”

आणि बाईंनी सांगितल्या. पाचचा भाऊ, दहाची जळकी मोटार, भांडणाचा दिवस, सगळं ओळीनं, कुठं न अडखळता. सोमू आधी “हं, हं” करत होता, मग स्वतःच पुढची तारीख विचारायला लागला. काव्याची भांडी थांबली.

“मीटरनं किती आनि कदी तेवडं सांगितलं रे,” सावित्रम्मा म्हणाल्या. “कशावर, ते तू घातलंस पदरचं. पुण्यात नळ रोज येतो, म्हणून सोलापूरचं पाणी विसरलास. आता बोल, दोघांत विसरभोळं कोण?”

“मी, अव्वा.”

“मग भाडेकरू?”

“नाही म्हणून सांगतो. आत्ताच सांगतो.”

बजाबाईनं इकडं अशी टाळी वाजवली की ओट्यावरची मांजर उडून पळाली. तिथंच फोन ठेवला असता तर सोमूची थोडी तरी अब्रू राहिली असती. पण आईचाच लेक तो, शेवटचा शब्द आपला असावा असं वाटणारच.

“पण अव्वा, सगळ्यात उंच काडी राहिली. ती काही पाण्याच्या दिवसाची नाही. तो गिझरच आहे.”

“गिझरच हाय,” सावित्रम्मा शांतपणे म्हणाल्या. “त्या दिवशी तुमी दोघं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलता. आंघोळी करून गेलो आपण, आनि सांजच्याला आलो तर गिझरचा दिवा लाल. मीच बंद केला, बोलले न्हाय.”

“सगळ्यात आधी आंघोळ तुझी झाली होती! तूच ठेवला असशील चालू.”

“तासातासाचं पण दिसतंय म्हणालतास न्हवं? बघ. माजी आंघोळ पहाटं पाचला.”

सोमूनं तो दिवस उघडला. “पाचला आहे.”

“नंतर खाली आलंय का न्हाय?”

“... आलंय.”

“म्हणजे माजा मी बंद केलता. परत कदी चढलं?”

“आठला. मग संध्याकाळपर्यंत खालीच नाही. म्हणजे काव्यानं...”

“ओ!” मागून काव्याचा आवाज आला. “माझी आंघोळ तुमच्या आधी झाली. तुम्ही शेवटचे होता. दार वाजवून वाजवून बाहेर काढलं तुम्हाला.”

बजाबाईनं तोंडात पदर कोंबला. सोमूनं जरा घसा खाकरला, काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणलास?”

“मीच विसरलो, म्हटलं.”

“मोट्यानं म्हण की रे,” सावित्रम्मा म्हणाल्या, “बजाक्काला ऐकू आलं न्हाय.”