नसण्याची वाक्यं

लोणी काळभोर ते पुणे म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. तरीही मी निघाले त्या सकाळी सोलापूर रस्त्यावरच्या थांब्यावर आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की कंडक्टरने विचारलं, "मावशी, लेक सासरी चालली का?" आई म्हणाली, "शाळंला चाललीया. शनवारी माघारी येनार हाय." शाळा म्हणजे विद्यापीठ, आणि तिथे मी भाषाविज्ञानाचं एम.ए. करणार होते. कंडक्टरने माझी पत्र्याची पेटी वर ओढून घेतली आणि बस हलली. मागच्या काचेतून पाहिलं तर आई तशीच उभी होती, रिकामा हात अजून पुढेच धरलेला. वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात आम्ही दोघीच, म्हणजे आता ती परत जाणार ती रिकाम्या घरात. हे माझ्या डोक्यात आलं तोवर हडपसर मागे पडलं होतं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. कारण दोन्हीकडची माणसं मला एकच विचारतात, एवढं लांब जाऊन नेमकं काय शिकलीस?

आईनेही विचारलं होतं. "भाषा शिकाया पुन्याला कशापायी? बोलती की चांगली." त्या वर्षांत पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते आणि उद्या संगणकाला मराठी शिकवायला माणसं लागतील, असं आमच्या कॉलेजातले एक सर सांगायचे. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला हितंच घिऊन ये. मी शिकीवते."

पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर तोंडाचा उभा छेद काढला. जीभ, टाळू, पडजीभ. मग गळ्यावर बोटं ठेवून आपलाच आवाज कुठून निघतो ते शोधायला लावलं. सगळा वर्ग माना वर करून गुरगुरत होता. मॅडम म्हणाल्या, कुठलीच बोली चुकीची नसते. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी मेसमध्ये मी "भाजी हाय का?" विचारलं आणि शेजारच्या टेबलावर हसू पसरलं. वर्गातलं शास्त्र मेसपर्यंत पोचायला वेळ लागतो. दिवाळीपर्यंत मी गुपचूप "आहे का" म्हणायला लागले होते, आणि शनिवारी बसमधून उतरताना पुन्हा "हाय".

त्याच सुमारास मॅडमनी एक गोष्ट शिकवली, ती मी वहीत दोनदा अधोरेखित केली. गाय हंबरते ती समोरच्या वासरासाठी. काल विकलेल्या वासराबद्दल ती दुसऱ्या गायीला काही सांगू शकत नाही. माणूस सांगू शकतो. समोर नाही त्याच्याबद्दल बोलता येतं, आणि घडलंच नाही तेही बोलता येतं, ही माणसाच्या भाषेची मोठी खूण. परीक्षेत हा प्रश्न आला आणि मी तो छान लिहिला.

मग गृहपाठ मिळाला. नसण्याची वाक्यं. प्रत्येकाने घरच्या बोलीत अमुक नाही, तमुक नाही हे कसं म्हणतात ते घरच्या माणसाला विचारून आणायचं. शनिवारी आई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मी कागद घेऊन समोर बसले.

"आई, घरात मीठ नाही, हे आपण कसं म्हणतो?"

"मीठ न्हाई असं म्हनू ने. मीठ आनायचंय म्हनावं."

"बरं. विहिरीला पाणी नाही?"

"हाय की. सकाळीच शेंदलंय."

"अगं, खरं नव्हे. नुसतं म्हणायचं."

"नुसतं कशाला म्हनायचं?"

"बाई गं! घरात कोणी नाही, हे तरी म्हण."

"मी हाय की."

शेवटचं वाक्य होतं, मुलगी घरी येत नाही. आईने हातातली जुडी खाली ठेवली. "दर शनवारी येती," ती म्हणाली. "आनि असलं घरात बोलू ने, बाय. वास्तू तथास्तु म्हनत असती. एखाद्या येळंला खरं व्हतं."

मी हसत हसत तिची उत्तरं जशीच्या तशी उतरवून नेली. मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला. "आपल्याकडे नसण्याची वाक्यं मागितली होती. आपल्या आईंनी घरी सगळं असल्याचं कळवलं आहे. आनंद आहे." वर्ग हसला. मग त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या, "तुम्हीही त्याच घरातल्या ना? मग स्वतःला विचारा आणि लिहा." वसतिगृहाच्या खोलीत बसून मी आईच्या बोलीत सगळी वाक्यं लिहून काढली. घरात कुनी न्हाई. लेक घरी येत न्हाई. आईने अर्ध्यात सोडलेला तो कागद मी एका बैठकीत पुरा केला.

पुढे सरांचं म्हणणं खरं झालं. संगणकात मराठी आणणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली, तिथून अमेरिकेतल्या कंपनीने नेलं. यंत्राला माणसाचं बोलणं समजावं यासाठी आमची टीम दिवसभर आवाज चिरत बसायची. आई निरोपाला स्वारगेटपर्यंत आली होती. विमानतळाच्या बसमध्ये मी चढले, तिने खिडकीपाशी येऊन नेहमीचंच सांगितलं, "शनवारी ये." मग तिच्या लक्षात आलं. तिने शब्द मागे घेतला नाही आणि मीही "येते" म्हणाले.

शनिवारी मी फोन करायची. फोन शेजारच्या कमलमावशीकडे होता. आई पळत यायची, आधी धाप लागलेली ऐकू यायची. मावशी शेजारीच असल्याने बोलणं थोडं. जेवलीस का, थंडी हाय का, इथं समदं ब्येस. तिच्या बोलण्यात कधी काही नव्हतंच. गुडघे दुखत नव्हते, खोकला नव्हता. एकदाच घरी जायला मिळालं. नंतर व्हिसाचे कागद अडकले, बाहेर पडलीस तर परत येता येणार नाही असं वकिलाने बजावलं. त्या काळात आई गेली. शेवटपर्यंत तिने मला आजारपण कळवू दिलं नव्हतं. पुढच्या शनिवारच्या फोनवर कळलं तशी मी वकिलाचं न ऐकता निघाले, पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता.

त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात साखर आणायला गेले. दुकानदार गावात नवा, माणूस बोलका. "तुम्ही त्या आजींच्या लेक का? दर शनिवारी येता त्या? मला कशा कधी दिसला नाहीत?"

मला कळेना. घरी येऊन कमलमावशीला विचारलं. ती पदराला डोळे पुसत म्हणाली, "अगं, समद्यांस्नी तेच सांगायची. बाजारात, दळनाला गेली तिथं. लेक दर शनवारी येती. शनवारी भाकऱ्या बी जादा थापायची. मला ठावं व्हतं, पर म्या कशापायी खोटं पाडू?"

समोर नाही त्याच्याबद्दल बोलता येतं. घडलंच नाही तेही बोलता येतं. ओसरीवर बसून मी हे मोठ्याने म्हटलं आणि मला इतकं रडू आलं, की मावशी घाबरून पाणी घेऊन आली. मी मार्क मिळवले होते. आई त्याच दोन वाक्यांवर एकटी जगली होती.

पुढे कागद सुटले आणि मी परत गेले. काही वर्षांनी अमेरिकेतल्या त्या कंपनीने पुण्यात ऑफिस काढलं आणि मी विनंती करून बदली घेतली. आता हडपसरला फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, मीटिंगमध्ये मराठी वाक्य सुरू केलं की संपेपर्यंत इंग्रजी होतं. घर म्हणाल तर अजून लोणीचंच. दर शनिवारी मी तिथे जाते. कुलूप काढते, झाडलोट करते, दोन भाकऱ्या थापते. एक खाते. दुसरी कमलमावशीला देते. दर शनिवारी येती. वास्तूने तथास्तु म्हटलं खरं, पण ऐकायला आई राहिली नाही.

मागच्या शनिवारी मी आत चुलीपाशी होते. मीटर बघणारा माणूस दारात उभा राहून ओरडला, "घरात कुनी न्हाई का?"

"मी हाय की," मी म्हणाले.

आवाज आईचा आला. तो आकडा लिहून निघून गेला आणि मी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तिथेच बसून राहिले, कुणी आणखी एकदा विचारील म्हणून.