पेंट शॉपमधला क्रम

चाकणजवळच्या एका कारखान्यात गाड्या कोणत्या क्रमाने रंगायला सोडायच्या, हे ठरवणारा प्रोग्रॅम आम्ही दोन वर्षं लिहीत होतो. पांढऱ्या गाडीमागे लाल आली की रंग फवारायची गन धुवावी लागते, म्हणून एका रंगाच्या गाड्या शक्यतो सलग याव्यात. पण शक्य असलेले क्रम इतके असतात की साध्या संगणकाला सगळे तपासणं जमत नाही. म्हणून परदेशातल्या क्वांटम संगणकाला इंटरनेटवरून प्रश्न पाठवायचा आणि त्याने सुचवलेले क्रम आपल्या साध्या प्रोग्रॅमने सुधारून घ्यायचे, अशी पद्धत मी बसवली होती. गन धुणं खरोखरच कमी झालं. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या सोसायटीत लोक मला ‘क्वांटमवाले’ म्हणू लागले होते आणि मला ते आवडायचं.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टीममधली लातूरची मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला रुजू होऊन चारच महिने झाले होते.

“सर, मी एक करून बघितलंय. रागावणार नाही ना?”

तिने क्वांटम संगणकाचा भाग काढून त्या जागी फासे टाकल्यासारखे कसेही निवडलेले क्रम घातले होते. पुढचा साधा प्रोग्रॅम तसाच ठेवला होता. उत्तर तेवढंच चांगलं आलं होतं.

मी हसलो. चुकून जुनी फाइल उघडली असेल, म्हणालो. मग तिच्या शेजारी बसून स्वतः चालवून पाहिलं. वेगवेगळ्या दिवसांच्या गाड्या घेऊन तीनदा पाहिलं. तेच. ती काहीतरी विचारत होती, मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. सगळं काम तो साधा प्रोग्रॅम करत होता, जो मी आठवड्याभरात, फारसा विचार न करता लिहून टाकला होता. ही तपासणी मला सुचली नाही, की मी सुचू दिली नाही, हे आजही सांगता येत नाही.

कारखान्याला द्यायच्या अहवालात ‘आणखी अभ्यास हवा’ एवढंच लिहा, असं आमच्या मॅनेजरनी सुचवलं. मी दुसऱ्या दिवशी चाकणला गेलो आणि पेंट शॉपच्या सुपरवायझरना सगळं सांगितलं. ते तिथल्याच गावचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ.

“म्हंजे ते मशीन काढलं तरी गाड्या अशाच लागत्याल?”

“हो.”

“मग दोन वर्षं तुमी काय करत व्हता, साहेब?”

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग त्यांनीच चहा मागवला आणि आहे तो प्रोग्रॅम बंद करू नका, एवढं सांगितलं.

अहवाल मी खरा लिहिला. क्वांटमचा भाग बंद झाला, मॅनेजर बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत राहिले. आता नव्या कामात आम्ही पहिल्याच दिवशी त्या मुलीने केली तशी तपासणी करतो.

अहवाल पाठवला त्या दुपारी मी तिला म्हणालो, बरं झालं, लगेच सांगितलंस. ती म्हणाली, तिला त्या मंगळवारच्या तीन आठवडे आधीच कळलं होतं.

“तुम्ही इतक्या खुशीत असायचा, सर. कसं सांगणार?”