अर्धी दाढी

"ऊठ बे. हात चालव."

असं म्हणून बापूसाहेबानं वस्तरा माझ्या उघड्या किताबावर टाकला. हैदराबादेला कालेजात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. बोर्डिंगातल्या त्या खोलीत आणखी पोरं बसलेली, वकिलांची, जहागीरदारांची. त्यांनी आधी वस्तऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. एकजण हसून म्हणाला, "अच्छा! तो ये हज्जाम है?"

झालं! कालपर्यंत मी त्यांच्यासारखाच शेरवानीतला पोरगा होतो.

वस्तरा ओळखीचा निघाला. माझ्या आज्याचा. बापाच्या हजामतीच्या धोकटीत असायचा. तो बापूसाहेबाच्या ट्रंकेत कसा आला हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. बापूसाहेब म्हणजे आमच्या गावच्या देशमुखाचा लेक, माझ्याच वयाचा. गाव आष्टीकडचं. आमचं घर न्हाव्याचं. बाप गावाच्या दाढ्या करायचा, आणि सुगीत खळ्यावर उभा राहून बलुत्याची बाजरी आणायचा. त्यावरच आमची चूल. मी शाळेत पहिला यायचो म्हणून देशमुखानं तालुकदाराच्या कानावर घातलं, मला शिकायला सरकारी वजीफा मिळाला. गाव म्हणालं, देशमुखाचं काळीज लई मोठं. कसलं काळीज अन कसलं काय! लेकाला परमुलखात घरचा न्हावी पाहिजे होता. आणि बापानं मला न सांगता वस्तरा देऊन टाकला होता. निघताना एवढंच म्हणाला, "बापूसायबाला दुखवू नगंस, लेकरा. आपलं खळं त्येंच्या हातात हाय."

म्हणून मी दाढी केली. सगळ्यांसमोर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी पोरं उभी राहिली. गालावरून हात फिरवत. बापूसाहेब तिथंच खुर्ची टाकून बसायचा आणि कुणाची आधी, कुणाची नंतर ते ठरवायचा. जसा काही मी त्याचा बैल, आणि तो मला मोटेला जुंपायला देतोय. सोमवारी आणि एकादशीला आपली मंडळी दाढीला शिवत नसत. तेवढाच माझा अभ्यास. माझी एकादशी अशी असायची.

दाढी झाली की बापूसाहेब आंघोळ करायचा. न्हाव्याचा हात लागला, विटाळ! मग तीच शेरवानी चढवून माझ्याच बाकावर येऊन बसायचा. तिथं त्याला विटाळ होत नव्हता. का होत नव्हता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. हिंमतच नव्हती.

वर्गात मी रोज उशिरा पोचायचो. सारं शिकणं उर्दूत. गावच्या शाळेतली उर्दू तिथं पायरीलाही पुरेना. मास्तर भले माणूस, मला 'आप' म्हणायचे. जन्मात मला कुणी 'आप' म्हटलं नव्हतं. पण एक दिवस तेही म्हणाले, "आपकी हाज़िरी बहुत कम है. वज़ीफ़ा बंद हो जाएगा." मागून कुणीतरी कुजबुजलं, "हजामत से फ़ुरसत कहाँ, जनाब." सगळा वर्ग हसला. बापूसाहेब सगळ्यात मोठ्यानं.

मोरीत जाऊन तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून रडलो. दाढ्या केल्या तर वजीफा जातो, नाही केल्या तर घरची बाजरी जाते. इकडं आड, तिकडं विहीर. एका संध्याकाळी तलावाच्या काठावर जाऊन लई वेळ उभा होतो. पाण्याकडं बघत. कशासाठी गेलतो ते मला माहीत होतं. परत आलो, एवढंच.

सहामाही परीक्षेच्या सकाळी बापूसाहेबानं पुन्हा हाक मारली. मी साबण लावला. एक गाल झाला आणि परीक्षेची पहिली घंटा वाजली. मी म्हणालो, "बापूसायब, मला जाऊ द्या."

तो डोळे मिटूनच म्हणाला, "तू पेपर लिव्हून काय करणार बे? शेवटी गालच खरडायचेत न्हवं तुला?"

माझा हात थांबला. पातं त्याच्या गळ्यापाशी होतं. खोटं कशाला बोलू, मनात काय काय येऊन गेलं. मग मी पातं पुसलं, वस्तरा मिटला, खिडकीत ठेवला.

"आरं, ही बाजू?"

"ती तुमची तुमी बघा."

मी पळत सुटलो. पेपर लिहिला. बापूसाहेब अर्ध्या तासानं आला, एका गालावर रुमाल दाबून. त्या दिवशी वर्ग त्याला हसला. मला नाही हसू आलं. मला खळं दिसत होतं.

सुट्टीला गावी गेलो तर बाजरीची खळी चालू होती. देशमुखानं बापाला एकाही खळ्यावर उभं राहू दिलं नव्हतं. माय चुलीपाशी नुसती बसून. बापानं मला दंडाला धरून देशमुखाच्या ओसरीपुढं नेलं. बापूसाहेब बाजेवर पाय सोडून बसलेला. देशमुख म्हणाला, "शिकून शाणा झालास न्हवं? बापूच्या पायाची नखं काढ. समद्यांम्होरं. मंग तुझ्या बापाला खळ्यावर सोडतो."

मी हललो नाही. "न्हाई काढणार."

तेवढ्यात बाप खाली बसला. धोकटीतली नखाची नराणी काढली. "मी काढतो, मालक. पोरगं हाय, कळत न्हाई त्याला." आणि त्यानं बापूसाहेबाचा पाय आपल्या मांडीवर घेतला. माझ्या वयाच्या पोराचा पाय!

मी बापाचा खांदा धरला. "बा, ऊठ."

बाप उठला नाही.

"बा, ऊठ म्हणतो ना!"

त्यानं दहाही बोटांची नखं काढली. घरी बाजरी आली. मायनं भाकरी थापली, मी खाल्ली. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी हैदराबादेची वाट धरली. बाप वेशीपर्यंतसुद्धा आला नाही. वजीफा राहील का जाईल, ठाऊक नव्हतं. गेला तर हमाली करीन, पण शिकीन. त्या पायाशी बसलेला माझा बाप हा आमच्या घरातला शेवटचा माणूस. त्याला मला उठवता आलं नाही. दुसऱ्या कुणाला मी बसू देणार नाही.