वाटी कुणी उचलायची?

जन्माला येणारा जीव नर आहे की मादी, हे आमच्या मामांना ब्रह्मदेवाच्या आधी कळतं, अशी आटपाडीत ख्याती आहे, आणि ती मामांनी स्वतःच पसरवलेली आहे. फौजेतून रिटायर होऊन आल्यापासून हा माणूस घटकाभर एका जागी बसलेला मी पाहिलेला नाही. चहासुद्धा उभ्यानं, बशीत ओतून, गोठ्यातून परड्यात आणि परड्यातून ओसरीवर फेऱ्या मारत. बघणाऱ्याला घेरी येते हो! "मामा, टेका की जरा," असं मी सांगलीहून गेले की दर वेळी म्हणते आणि दर वेळी तेच उत्तर मिळतं, "टेकून काय करू पोरी? शेळी व्यायला झालीया." शेळी कुणाची, म्हणाल तर चार घरं सोडून पलीकडची.

मामांचं एक शास्त्र आहे. अंडं टोकदार असेल तर कोंबडा, गोल असेल तर कोंबडी. गाभण शेळी उठताना उजवा पाय आधी टाकते का, तर मग बोकड. म्हैस सरळ डोळ्यांत बघत असेल तर रेडी, नजर चुकवत असेल तर रेडा, कारण "तिलाबी ठावं असतंय, रेडा झाला की मालक तोंड वाकडं करणार." निम्म्या वेळा मामांचं खरं ठरतं. ठरणारच की! दोनच तर शक्यता आहेत, पण हे मामांच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती आहे? चुकलं तर "मी सांगितलं तवा मादीच हुती, शेवटाला फिरलं गड्या" म्हणून मोकळे. एकदा त्यांनी खुडूक कोंबडीखाली तिचीच निवडून निवडून गोल अंडी ठेवली आणि गल्लीभर सांगत सुटले की यंदा सगळ्या कोंबड्याच. पिल्लं मोठी झाली आणि पहाटे जे काही आरवणं सुरू झालं, की शेजाऱ्यांनी हात जोडले. मामांनी चूक कुणाची काढावी? त्या बिचाऱ्या कोंबडीची. "खोट हिच्यातच हाय," म्हणाले आणि तिला बाजार दाखवला.

घरातही त्यांनी तीनदा भविष्य सांगितलं होतं. तिन्ही वेळा मुलगा सांगितला आणि तिन्ही वेळा मुलगी झाली. धाकटी अर्चना झाली तेव्हा मामा सुट्टीवर होते. घरात ना पेढा, ना बर्फी. सुट्टी अर्धी टाकून पलटणीत निघून गेले. मागं आमची आजी उठता-बसता मामीला "हिच्या पोटातच पोरी" म्हणून ऐकवत राहिली. माझी सख्खी आजी, पण आजही आठवलं की मला संताप येतो. मामी भाकऱ्या थापत राहिली. त्या घरात दोघांच्या वाटचं मामाच बोलतात.

गेल्या वर्षी या अर्चनालाच दिवस गेले. तिचं सासर उंब्रजचं. विहीणबाई तिला माहेरी सोडायला आल्या आणि चहाचा कप हातात धरून, मामीच्या देखत म्हणाल्या, "पयला पोरगाच झाला पायजे बगा. आईच्या वळणावर जायला नगो. खाण तशी माती म्हणत्यात, म्हणून आपलं भ्या वाटतंय." झालं! पोरीचं जेवण तुटलं. घास चिवडायची आणि ताट सारायची. एक दिवस तिनं मामांना अडवलंच. "आप्पा, समद्या गावाच्या म्हशींचं सांगता की, माझं का न्हाई सांगत?" मामांनी तिच्याकडं बघितलं आणि ते गोठ्यात गेले. त्या दिवसांत त्यांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या, की ओसरीच्या फरशीला बिचारीला दम लागला असेल.

अशातच गाईला गाभण राहायचं इंजेक्शन द्यायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, की आता बहुतेक कालवडच होईल असंही इंजेक्शन मिळतं. मामा चिडलेच. हा तर त्यांच्या शास्त्रावरच घाला! पण बाईंनी शांतपणे सांगितलं, की गाईकडून एकाच जातीचं बी येतं, बैलाकडून दोन जातींचं येतं, आणि कालवड की खोंड ते बैलाच्याच बीवर ठरतं. म्हणून तर ते बी निवडता येतं.

"म्हंजे गाईचं त्यात काईच न्हाई?"

"काही नाही."

"आन् माणसांत?"

"माणसांतही तसंच, मामा. वडिलांकडूनच ठरतं. फक्त कोंबड्यांत उलटं. तिथं कोंबडी ठरवते."

म्हणजे कोंबडीवर घातलेला आळ तेवढा खरा निघाला! एरवी या गोष्टीचा त्यांनी गावभर डंका पिटला असता. त्या दिवशी मात्र बाई गेल्यावर मामांनी गाईपुढं पेंडीची पाटी ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढं अर्चनाचं डोहाळजेवण झालं. ओटी भरली, गाणी झाली आणि शेवटी झाकलेल्या दोन वाट्या समोर आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. एरवी हसण्यावारी न्यायचा खेळ, पण अर्चनाचा पुढं केलेला हात थरथरत होता आणि विहीणबाई वाट्यांवरची नजर काढत नव्हत्या. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यात मामा घुसले, बाहेर मांडवात बसलेल्या जावयाला दंडाला धरून!

"थांबा! वाटी जावईबापू उचलतील."

"आवं, बाप्यानं कवा वाटी उचलल्याली बघितलीया का?" विहीणबाई उखडल्या.

"आवं विहीणबाई, पोरगा का पोरगी ठरवणार ह्यो, आन् हात थरथरायचा माझ्या पोरीचा व्हय? कोंबडीचं निराळं हाय, पण माणसात बापाकडनंच ठरतंय. इचारा कुणाबी डाक्टरला!" आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडं वळून, आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "आमच्यातबी तीन येळा माझंच हुतं."

दारात मामी उभी होती. ती आत निघून गेली. जावयानं कानापर्यंत लाल होत वाटी उघडली. बर्फी! त्यानं ती अर्धी मोडून अर्चनाला भरवली, "मला आवडतेच बर्फी," म्हणाला, आणि पोरगी कित्येक दिवसांनी खळखळून हसली. विहीणबाई आता बोलणार काय, वाटी त्यांच्याच लेकानं उघडली होती.

अर्चनाला पुढं काय झालं, असं मला लोक विचारतात. बाळ झालं. छान आहे.

मला आठवतो तो डोहाळजेवणाचा दुसरा दिवस. मामा सकाळीच बर्फीचे बॉक्स घेऊन गल्लीत फिरत होते. "काय मामा, सुटली का पोरगी?" असं कुणी विचारलं की सांगायचे, "न्हाई, तिला अजून येळ हाय. ही ती जन्मली तवाची ऱ्हायल्याली. दोन थोरल्यांचीबी ह्यातच धरा." लोक हसत होते. माझ्याच्यानं काही हसवेना. शेवटचा बॉक्स घेऊन ते स्वयंपाकघरात आले आणि मामीपुढं धरला.

मामीनं एक वडी उचलली. "लय उशीर केलासा," एवढंच म्हणाली.

मामा तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. परड्यात व्यायला झालेली शेळी एकसारखी ओरडत होती. मामी सावकाश खात होती, आणि तिची वडी संपेपर्यंत मामा जागचे हलले नाहीत.