एकाच तारखेच्या दोन ठमी

आमची निशिगंधा कडावची. आरोग्य केंद्रात नोंदी भरायला आली आणि कुणी न सांगता वाड्यांवर दर महिन्याला द्यायच्या गोळ्यांच्या याद्या काढणारा प्रोग्रॅम लिहून मोकळी झाली. मी तिथली जुनी सिस्टर. पोरीचं कौतुक तोंडावर करत नाही, डोक्यावर चढेल म्हणून. पण जीव आहे माझा तिच्यावर.

मध्यंतरी तिनं तो प्रोग्रॅम एआयकडून तपासून घेतला. पेशंटची खरी नावं दिली नाहीत, सगळी मनची घातली. एआयनं एक चूक झकास पकडली. एखादा महिना गोळ्या घ्यायला न आलेलं माणूस यादीतून कायमचंच गळत होतं. बया खूश! पुढे त्यानं सुचवलं, नाव, वाडी आणि जन्मतारीख सारखी असेल तर नोंद दुबार समजा, एकच ठेवा.

"मग ठेव की गं! सोमवारी गोळ्या जायच्यात," मी खेकसले.

"थांबा ओ सिस्टर." तिनं यादीची नक्कल काढून त्यावर करून पाहिलं. एकसष्टची चोपन्न झाली. "ही सात कोण, ते बघितल्याबिगर मी नाय काढणार."

झालं! मला स्कूटीवर बसवून पळसदरीच्या वरच्या वाडीत नेलं. ऊन मी म्हणत होतं आणि मी वाटभर करवादत होते. वाडीत त्या सातांतल्या पहिल्या नावानं हाक मारली, "ठमी पोशा वाघ!" तर एकाच ओट्यावरून दोघी उठल्या. दोघी चाळिशीच्या. एकीचा नवरा पोशा, दुसरीचा बाप पोशा. एक बीपीची, दुसरी फिटची.

जन्मतारीख दोघींची एक जून पंच्याऐंशी. ती मीच लिहिलेली. "कारवी फुलली तवा झाले" म्हणणाऱ्या बायांना मी वीस वर्षं एक जूनच देत आले, रकाना रिकामा राहू नये म्हणून. माझं तोंड एवढंसं झालं. खरंच लाज वाटली.

 सातही जणांना शोधून निशिगंधानं वेगवेगळे क्रमांक दिले, आणि माणसाला भेटल्याशिवाय नाव निघणार नाही अशी सोय प्रोग्रॅममध्ये केली.

सोमवारी आम्ही दोन्ही ठमींच्या पुड्या घेऊन गेलो. फिटवाल्या ठमीनं तिची पुडी तिथंच फोडली आणि उभ्या उभ्या एक गोळी पाण्याबरोबर गिळली.

"कालच संपल्या व्हत्या बाय," ती म्हणाली.