बाबुलालच्या सिनेमातली मुकी माणसं

बाबुलाल पवारचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अंगावर पाणी घ्यायचं, चहात शिळी भाकर मोडून खायची आणि खाणीवर चालत जायचं. राजूरच्या खाणीत तो ठेकेदाराकडून पट्ट्यावर होता. जमिनीखालून कोळसा वाहून नेणारा रबरी पट्टा असतो. त्याच्या खाली सांडलेला कोळसा फावड्याने उचलून परत पट्ट्यावर टाकायचा, तोही वाकून, कारण पाठ सरळ करायला तिथे उंची नसते. निवृत्त होईपर्यंत मी त्याच खाणीत छताला टेकू द्यायचं काम केलं आहे. तेव्हा हे काम किती असतं ते मी ऐकीव सांगत नाही.

बाबुलाल मूळचा फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा. बाप हिरासिंग कोळसा भरायला राजूरला आला आणि इथेच गेला. या बापाची गोष्ट बाबुलालच्या डोक्यात होती. त्याच्या चुलतभावाचा मुलगा राजकुमार उमरखेडला लग्नाचं शूटिंग करतो. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा तो गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, छोटे सिनेमे काढतो. लोक ते मोबाइलवर पाहतात. त्याला बाबुलालने गोष्ट सांगितली. लखन नावाचा माणूस बायकोला, धनीला, म्हणतो की वर्षभर खाणीत काढतो आणि बैलजोडीपुरते पैसे घेऊन तांड्यावर परत येतो. त्याचा जन्म खाणीतच जातो.

राजकुमार म्हणाला, "चांगली हाय काका. पन मले तोंडी नाही चालत. पुरी लिहून, टाइप करून आना. पुढच्या पावसाळ्यात कोनती करायची ते मी दिवाळीच्या आत ठरवतो. दोघं अजून लाइनीत हाय. मंग लग्नं लागली की मले पानी प्यायले फुरसत नसते."

बाबुलाल दहावी नापास. तरी बसला लिहायला. टायपिंगच्या पैशासाठी त्याने रविवारची ड्युटी धरली. रविवारी पट्टा बंद ठेवून दुरुस्ती करतात, त्याला माणसं लागतात. म्हणजे सुट्टीचा दिवसही गेला. लिहायला उरली ती कामावरून आल्यानंतरची वेळ. मी त्याच्या ओट्यावर जायचो तेव्हा तो मांडीवर फळी आणि फळीवर कागद घेऊन बसलेला असायचा. पुष्कळदा डोळे मिटलेले असायचे. पेन कागदावर टेकलेलं आणि शाईचा डाग पसरत चाललेला.

भादव्यात त्याने जेवढं झालं होतं तेवढं मला आणि त्याच्या बायकोला, बिजलीबाईला, वाचून दाखवलं. घरात ते गोरबोली बोलतात. मी असलो की मराठीत. बिजलीबाई अंबाडीची भाजी खुडत होती. बरंच ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "हे लोकं बोलत काहून नाही?"

"कोन?"

"तुमच्या सिनेमातले. लखन घरी आला, हात धुतले, जेवला, झोपला. धनी भाकर वाढाले आली तं म्हने डोकं आडवं हलवलं. मुका हाय का तो?"

"आडवं हलवलं म्हनजे नको."

"कोनाले समजते ते?"

"सगळ्याइले समजते. नानाजी, तुमाले समजलं का नाही?"

मला समजलं होतं. पट्टा सुरू असला की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून खाणीत माणसं टोपीवरच्या दिव्याने बोलतात. दिवा आडवा हलला की थांब. वर-खाली हलला की चालू दे. गोल फिरला की मागे हो. बाबुलालने अख्खा सिनेमा असाच लिहिला होता. घर, दुकान, तांड्याचा नायक म्हणजे मुखिया, सगळे मान हलवून मोकळे. लखनचं लग्नसुद्धा एका मान डोलावण्यावर लागलं होतं. ऐकताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"नानाजीले समजनच," बिजलीबाई म्हणाली. "तुमी दोघं एकाच बिळातले उंदीर. मी बाहेरची बाई हाव. मले बोलून सांगा."

"तुझ्यासंग मी कमी बोलतो का?"

तिने भाजीवरून नजर न काढता मान वर-खाली केली. मला हसू आलं. बाबुलालला आलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून त्याने पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतलं. लिहिणं बसून होतं म्हणून ते हलकं काम, असं मी समजत होतो. पण पट्ट्यावरचा माणूस पट्टा थांबला की थांबतो, आणि हे काम थांबतच नव्हतं. एक वाक्य लखनच्या तोंडी घालायला बाबुलालला फावड्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. दसरा आला तरी शेवट झाला नव्हता. शेवटी लखन खाणीतून कायमचा वर येतो आणि धनीला काहीतरी सांगतो. काय सांगतो, तिथे कागद कोरा होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं, नानाजी. फावडं सोडून आलो तरी बोटं तशीच वाकून राह्यते. पेन धरलं की डोळा लागते."

"रविवार सोड."

"मंग टायपिंग?"

"टाइप काय करशील? कोरा कागद?"

बिजलीबाई आतून बाहेर आली. "ठेकेदाराले सांगा, दिवाळीपर्यंत येत नाही."

"आन् खाऊ काय?"

"रविवारचे हाय ना डब्यात."

"ते टायपिंगचे हाय."

"टायपिंगवाला काय उपाशी मरून राह्यला?"

ठेकेदाराच्या मजुराला पगारी रजा नसते. गेला नाही त्या दिवसाचं काही मिळत नाही, आणि जागेवर दुसरा आला तर जागाही जाते. बाबुलाल सांगायला गेला तेव्हा ठेकेदार म्हणाला, "सिनेमा काढून राह्यला म्हनते. हिरो कोन, तूच का? जा बापा. परत आला तं पाहू, जागा असली तं."

तो घरी बसला. पहाटे चारलाच उठायचा, सवय जात नाही. पण पहिले दोन दिवस भिंतीला टेकून नुसता झोपला. बिजलीबाईने उठवलं नाही. नंतर हात चालू झाला. दुपारी जेवायला उठायचा, परत बसायचा. मी ओट्यावर जाणं बंद केलं. काम करणाऱ्या माणसाजवळ गप्पा मारायला जाऊ नये.

धनत्रयोदशीच्या आधी त्याने मला बोलावलं आणि शेवट वाचला. धनी पुष्कळ बोलते. वर्षभराचं सांगून गेला होतास, बैल कुठे आहेत, मुलं तुझ्याविना मोठी झाली, सगळं. लखन ऐकून घेतो. मग म्हणतो, "थकलो."

हा शब्द आमच्यात कोणी घरी म्हणत नाही. एकदा म्हटला की बायको म्हणणार, उद्या नका जाऊ. मग जायचं कोणी? घरी विचारलं तर आम्ही 'काही नाही' म्हणतो. मी जन्मभर तेच म्हटलं.

बिजलीबाई पुढे येऊन बसली. मग म्हणाली, "एवढंच म्हनते का तो?"

"एवढंच."

"राहू द्या मंग. त्याले हात नका लावू."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने उमरखेडला गेलो. मला दुसरं काही काम नव्हतं. राजकुमारने कागद हातात घेतले आणि आधी शेवटचं पान पाहिलं.

"पुरी हाय का?"

"पुरी," बाबुलाल म्हणाला. "पहिल्यांदाच लिवली. चुका असन."

"चुका पाहू. त्या दोघाइच्या अर्ध्याच हाय अजून. ठेवून जा, मी बसतो घेऊन." मग त्याने पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं. "पन काका, हे तं हातानं लिहेल हाय. टाइपचं ठरलं होतं ना आपलं?"

"टायपिंगचे पैसे खाल्ले."

"म्हनजे?"

"पीठ, तेल, तूरडाळ," बाबुलाल म्हणाला. "घरी बसून लिवलं ना."